जिनिव्हातले मत आणि हातकणंगल्यातला गुन्हा

प्रति,
मा. परराष्ट्र मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि भारताचे स्थायी प्रतिनिधी, संयुक्त राष्ट्रे, जिनिव्हा

प्रत : गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : मानवाधिकार परिषदेत धर्मनिंदा, धार्मिक द्वेष आणि अभिव्यक्ती यांवरील ठरावांबाबत भारताची भूमिका

महोदय,

१ जानेवारी २०२६ पासून तीन वर्षांसाठी भारत पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेवर आहे. सत्तेचाळीस सदस्यांच्या या परिषदेत धर्म आणि अभिव्यक्ती यांवरचा ठराव शब्द बदलून येतच राहतो. या तीन वर्षांतही येईल, आणि आपल्याला बाजूने, विरोधात किंवा तटस्थ यांपैकी एक काहीतरी ठरवावे लागेल. ते ठरवण्याआधी दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. पहिली, या वादाचा जिनिव्हातला इतिहास. दुसरी, 'भावना दुखावल्या' या दोन शब्दांवर आपल्या पोलीस ठाण्यांत जे चालते ते. गृह विभागाला प्रत पाठवली आहे ती या दुसऱ्या गोष्टीपायी.

१९९९ मध्ये पाकिस्तानने इस्लामी देशांच्या संघटनेच्या वतीने परिषदेच्या आधी असलेल्या मानवाधिकार आयोगापुढे एक मसुदा ठेवला. मथळा होता 'इस्लामची बदनामी'. इतर देशांनी हरकत घेतल्यावर मथळ्यात 'धर्मांची बदनामी' असा बदल झाला आणि ठराव मतदानाशिवाय मंजूर झाला. तडजोडीतून आलेला तो एक शब्द पुढे दहा-बारा वर्षे पुरला. आत नावानिशी काळजी मात्र प्रामुख्याने एकाच धर्माची होती. २००१ पासून ठरावावर मतदान होऊ लागले, २००५ पासून तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही येऊ लागला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला 'युलांस-पोस्टेन' या डॅनिश दैनिकाने प्रेषितांची व्यंगचित्रे छापली आणि ठरावाला नवे बळ मिळाले. २००६ च्या आमसभेत बाजूने १११ मते पडली, विरोधात ५४.

मग आकडे घसरू लागले. डिसेंबर २०१० मध्ये आमसभेत बाजूने ७९, विरोधात ६७, तटस्थ ४०. त्याच वर्षी मार्चमध्ये परिषदेत २० विरुद्ध १७, तटस्थ आठ. या आठांत भारत होता. आधीच्या वर्षांतही परिषदेत भारत तटस्थच राहिला होता. ही तटस्थता आम्हाला भित्रेपणाची वाटत नाही. तिच्यामागे एक रास्त हरकत होती. फक्त ती हरकत अर्ध्यावर थांबली, आणि आजही तिथेच थांबलेली आहे.

मते का घसरली, हे समजून घेण्यासारखे आहे. पाश्चात्त्य देशांनी दबाव आणला हे खरे, पण तेवढेच कारण नाही. धर्मस्वातंत्र्यावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक (स्वतंत्र तज्ज्ञ) तेव्हा लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर होत्या. २००६ च्या संयुक्त अहवालात त्यांनी आणि वंशवादावरचे प्रतिवेदक डूडू डियेन यांनी नेमके बोट ठेवले : धर्माच्या निंदेने माणसे दुखावतात, पण म्हणून दर वेळी त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग होतोच असे नाही. हे पाकिस्तानातली धर्मनिंदेची प्रकरणे स्वतः लढवलेल्या बाईंनी लिहावे, याला वजन होते.

'धर्माची बदनामी' ही कल्पना कायद्यात टिकत का नाही, ते आपल्याच कायद्याच्या अंगाने पाहू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी होते ती व्यक्तीची. स्पष्टीकरणात कंपनी, संस्था, व्यक्तींचा समूह येतो. सिद्धांत येत नाही, ग्रंथही येत नाही. आणि बदनामीच्या खटल्यातला पहिला बचाव असतो की, बोललो ते खरे आहे आणि लोकहिताचे आहे. अमुक ग्रंथ ईश्वराने सांगितलेला नाही, असे कोणी म्हटले तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने पुरावा कुठला मागवायचा? त्याहून मोठी अडचण अशी की, एका धर्माचे मूळ तत्त्वच दुसऱ्याच्या लेखी निंदा असते. मूर्तीत देव आहे म्हणणारा आणि नाही म्हणणारा, दोघेही एकमेकांच्या श्रद्धेची 'बदनामी' रोजच करत असतात. मग शिक्षा कुणाला? ज्याच्या हाती सरकार, तो ठरवील त्याला. पाकिस्तानात १९८४ च्या वटहुकुमाने अहमदी माणसाने स्वतःला मुसलमान म्हणवणे हा तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा झाला. तिथल्या दंड संहितेतले धार्मिक भावना दुखावण्याबाबतचे कलम २९५-अ इंग्रजांनी घातलेले, आपल्याकडचेच. २९५-ब (कुराणाची विटंबना) १९८२ मध्ये आणि २९५-क (प्रेषितांची निंदा) १९८६ मध्ये त्याला जोडले गेले. शेवटच्याला देहान्त शिक्षा. त्याखाली नोव्हेंबर २०१० मध्ये फाशी सुनावलेल्या आसिया बीबी ३१ ऑक्टोबर २०१८ ला निर्दोष सुटल्या, म्हणजे आठ वर्षांनी. त्यांची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर जानेवारी २०११ मध्ये मारले गेले. धर्मनिंदा कायद्यावर टीका करणारे मंत्री शाहबाज भट्टी मार्चमध्ये.

दुसऱ्या बाजूला युरोपने शहाणपणाचा आव आणू नये. इंग्लंडमधला धर्मनिंदेचा गुन्हा २००८ पर्यंत जिवंत होता आणि तो फक्त ख्रिस्ती धर्माचे, त्यातही प्रामुख्याने चर्च ऑफ इंग्लंडचे रक्षण करत असे. मुस्लिमांनी दाद मागितली तेव्हा तिथल्या न्यायालयाने तुमच्या धर्माला हा कायदा लागू नाही म्हणून सांगितले. आयर्लंडने तर २००९ मध्ये २५,००० युरो दंडाची नवी तरतूद केली, आणि ती काढायला ऑक्टोबर २०१८ चे सार्वमत लागले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हे जिनिव्हातही चालते. २००९ च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडने सार्वमताने मिनार बांधण्यावर बंदी घातली. तो भेदभाव होता, माणसांशी केलेला, राज्यघटनेत लिहिलेला. पण 'धर्माची बदनामी' या मथळ्याखाली तो व्यंगचित्रांच्या रांगेत जाऊन बसला आणि त्याचे गांभीर्य हरवले. ज्याला घर भाड्याने मिळत नाही, नोकरीच्या मुलाखतीत आडनावापाशी ज्याचा अर्ज थांबतो, त्याला या ठरावांनी काय दिले?

२४ मार्च २०११ ला या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर मिळाले. ठराव १६/१८. मांडणारा पुन्हा पाकिस्तानच, इस्लामी देशांच्या संघटनेच्या वतीने. पण 'बदनामी' हा शब्द गेला आणि धर्माच्या जागी माणूस आला. धर्म किंवा श्रद्धेवरून व्यक्तींविरुद्ध होणारी असहिष्णुता, भेदभाव, चिथावणी आणि हिंसा, असा विषय. तो मतदानाशिवाय संमत झाला. त्याच्या पाचव्या परिच्छेदात आठ कामे सांगितली आहेत, ती आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा मुळातून वाचावीत. समाजासमाजांत संपर्काची जाळी उभारणे, तणाव आधी ओळखणारी यंत्रणा सरकारात असणे, अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, पुढाऱ्यांनी आपापल्या समाजात भेदभावाच्या कारणांवर बोलणे, द्वेषाविरुद्ध उघड बोलणे, शिक्षण आणि जागृती, मोकळी चर्चा. आठांपैकी फौजदारी काम एकच : धर्म किंवा श्रद्धेवरून तत्काळ हिंसेची चिथावणी देणे गुन्हा ठरवणे. उरलेल्या सातांना तुरुंग लागत नाही, तरी सगळीकडची सरकारे आठातले ते एकच हाती धरतात, कारण गुन्हा दाखल केला की काहीतरी केल्यासारखे दिसते.

चिथावणी कुठे सुरू होते? नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद २० मध्ये भेदभाव, वैर किंवा हिंसेला चिथावणी ठरणाऱ्या धार्मिक द्वेषाच्या पुरस्काराला कायद्याने बंदी घालायला सांगितले आहे. अनुच्छेद १९ म्हणतो, निर्बंध कायद्याने घातलेला, आवश्यक आणि ठरावीक हेतूंपुरताच असावा. या दोन अनुच्छेदांमधली सीमारेषा आखायला २०११ मध्ये व्हिएन्ना, नैरोबी, बँकॉक आणि सँटियागो इथे तज्ज्ञांच्या बैठका झाल्या आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये मोरोक्कोच्या राजधानीत रबात कृती आराखडा तयार झाला. त्यात सहा निकष आहेत : संदर्भ, बोलणारा, हेतू, मजकूर, प्रसार आणि हानीची शक्यता. सहाही एकत्र तपासायचे. निष्काळजीपणा किंवा बेपर्वाई हेतूच्या जागी चालत नाही. शिवाय बोलण्याचे तीन थर मानले आहेत : फौजदारी गुन्हा ठरणारे, गुन्हा नाही पण दिवाणी दावा किंवा प्रशासकीय कारवाईला पात्र असे, आणि दोन्हीत न बसणारे, पण सभ्यतेला धरून नसलेले. आपल्याकडे मधला थरच नाही, त्यामुळे तिसऱ्या थरातला माणूस थेट पहिल्यात जाऊन पडतो. रबात बंधनकारक नाही हे मान्य. पण युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१८ च्या एका रशियन प्रकरणात त्याचा आधार घेतला आणि मेटा कंपनीचे देखरेख मंडळही हेच सहा निकष वापरते. म्हणजे कोल्हापुरातल्या माणसाची पोस्ट ठेवायची की काढायची, हे कॅलिफोर्नियातली कंपनी रबातवरून ठरवणार. पोलीस ठाण्याला मात्र रबात ठाऊक नाही.

आता २०२३ कडे या. २८ जूनला, बकरी ईदच्या दिवशी, स्टॉकहोममध्ये मशिदीबाहेर कुराणाची प्रत जाळली गेली. १२ जुलैला परिषदेत ठराव ५३/१ आला : बाजूने २८, विरोधात १२, तटस्थ सात. भारताने बाजूने मत दिले. नेपाळ तटस्थ राहिला. आमची तक्रार मताच्या दिशेबद्दल तितकीशी नाही. कृत्य घृणास्पद होते आणि मशिदीच्या दारात, सणाच्या दिवशी ते करण्यामागचा रोख माणसांवरच होता, असे म्हणायला जागा आहे. शिवाय ठरावातला खटल्यांबाबतचा भाग 'चिथावणी ठरणारा' द्वेष इथपर्यंतच जातो, ही त्याची जमेची बाजू. गडबड आहे ती निषेधाच्या परिच्छेदात. तिथे ग्रंथाची जाहीर विटंबना हाच धार्मिक द्वेषाचा आविष्कार मानला आहे. संदर्भ, हेतू, शक्यता यांपैकी काहीच न विचारता. १६/१८ ने बारा वर्षांपूर्वी दाराबाहेर काढलेली वस्तू खिडकीतून परत आत आली. अशा वेळी परिच्छेदनिहाय मतदान मागता येते. तेही नाही तर मताचे स्पष्टीकरण नोंदवता येते.

या ठिकाणी मराठी माणसाला एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. २५ डिसेंबर १९२७, महाड. चवदार तळ्याच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. योगायोग असा की, दंड संहितेत कलम २९५-अ आले तेही १९२७ सालीच. लाहोरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला तिथल्या उच्च न्यायालयाने सोडले, कारण मेलेल्या धर्मपुरुषावरची टीका हे दोन समाजांत वैर पसरवणे नव्हे. त्यावर उसळलेल्या क्षोभानंतर हे कलम घातले गेले. जाहीरपणे धर्मग्रंथ जाळणे एवढाच गुन्ह्याचा घटक धरला, तर महाड आणि स्टॉकहोम यांत कायद्याला फरक करता येणार नाही. फरक आहे, आणि तो जमीन-अस्मानाचा आहे; पण तो ग्रंथाच्या पानांत सापडत नाही. कोण जाळतो आहे, कुणाच्या अंगावर कुणाची सत्ता आहे, ऐकणाऱ्याला काय करायला सांगितले जाते आहे, यांत तो सापडतो. महाडमध्ये बोलणारे ते होते ज्यांना पाण्याला हात लावू दिला जात नव्हता.

डेन्मार्कने हा फरक सोडून दिला. २०१७ मध्ये त्यांनी धर्मनिंदेचे कलम काढले आणि ७ डिसेंबर २०२३ ला ९४ विरुद्ध ७७ मतांनी धर्मग्रंथांशी 'अनुचित वर्तन' हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केला. स्वीडनने तसा कायदा केला नाही; समाजगटाविरुद्ध द्वेष पसरवण्याच्या जुन्याच कलमाखाली खटले चालवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने कुराण जाळण्यातल्या एका साथीदाराला दोषी ठरवले. जाळताना मुस्लिमांविषयी तो जे बोलला आणि जसा वागला, ते तिथे निर्णायक ठरले. आपण कोणत्या वाटेच्या बाजूने मत देतो, हे आपल्यालाही स्पष्ट हवे.

भारताची हरकत अर्ध्यावर थांबली असे वर म्हटले, ते असे. मार्च २०२२ मध्ये आमसभेने १५ मार्च हा इस्लामद्वेषविरोधी दिवस ठरवला तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी विचारले, हिंदू, शीख, बौद्ध यांच्या द्वेषाचे काय? १५ मार्च २०२४ च्या इस्लामद्वेषविरोधी ठरावावर ११५ मते बाजूने पडली, ४४ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. यादीत सगळे धर्म हवेत, हे म्हणणे बरोबर आहे. पण संरक्षण धर्माला द्यायचे असेल तर एका धर्माच्या जागी दहा लिहून दोष दसपट होतो, जात नाही. पंजाबचा अनुभव ताजा आहे. गुरू ग्रंथ साहिबच्या विटंबनेला जन्मठेप सुचवणारे विधेयक, एकाच धर्माचे आहे म्हणून केंद्राने परत पाठवले. २०१८ मध्ये विधानसभेने चार धर्मांचे ग्रंथ घालून पुन्हा मंजूर केले. हरकतीचे उत्तर मिळाले, शिक्षा जन्मठेपच राहिली.

खरे तर भारताकडे याहून भक्कम आधार आहे, आणि तो घरचाच आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार आपण १० एप्रिल १९७९ ला स्वीकारला तेव्हा निवेदन नोंदवले की, अनुच्छेद १९ चा तिसरा परिच्छेद आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ शी सुसंगत असाच लागू होईल. आता घटनेचा १९(२) उघडा. सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याची चिथावणी. 'धर्म' हा शब्द नाही. 'भावना' हाही नाही. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९५-अ टिकवले ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि हे बजावून की नकळत, बेफिकिरीने झालेला अपमान त्यात येत नाही. जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेला, निंदेचा तीव्र प्रकारच येतो. २०१७ मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवल्याचे प्रकरण याच कारणाने रद्द झाले. आणि शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, याचे माप नागपूरचे आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी ते दिले : समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजा, डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नको. हे वाक्य सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा उचलले आहे. जिनिव्हात ते आपल्या प्रतिनिधींच्या तोंडून ऐकायला मिळावे.

आता गृह विभागाकडे. कायदा कागदावर ठीक असूनही ठाण्यात बिघडतो कसा, याचा क्रम साधारण ठरलेला आहे. पन्नास-शंभर जणांचा जमाव निवेदन घेऊन येतो. बाहेर घोषणा चालू असतात. ठाणे अंमलदारापुढचा प्रश्न असतो जमाव पांगवण्याचा, कायद्याचा नव्हे. न्याय संहितेचे कलम २९९ (जुने २९५-अ) आणि समाजगटांत वैर पसरवण्याबाबतचे १९६ (जुने १५३-अ) ही दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र; ती लावली की जमाव जातो. या कलमांना नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम २१७ प्रमाणे सरकारची मंजुरी लागते, पण ती न्यायालयाने दखल घेण्याच्या टप्प्यावर. गुन्हा नोंदवायला लागत नाही, अटकेलाही नाही. म्हणजे चाळणी आहे, फक्त ती दळण झाल्यावर लावली जाते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला बंदबाबतच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींवर आधी २९५-अ लावले गेले. त्या पोस्टमध्ये धर्म कुठेच नव्हता! नंतर कलम बदलले, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरावरचे ६६-अ आले, आणि २०१५ मध्ये ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. २०२२ मध्ये हातकणंगले पोलिसांनी एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून १५३-अ लावले. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करताना म्हटले की, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि त्यावरील वाजवी निर्बंध यांबद्दल पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे. शिवछत्रपतींवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरची राज्याची बंदी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही, कारण नेमक्या कोणत्या गटांत वैर पसरते, हे अधिसूचनेतून कळत नव्हते.

आणि खरी चिथावणी? ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन राज्यांना, २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितले की, द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका सभेचे चित्रीकरण न्यायालयाला सांगून करावे लागले. एखाद्या समाजावर बहिष्कार टाका, असे माईकवरून सांगणारा मोकळा आणि स्टेटस ठेवणारा कोठडीत, याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

गृह विभागाला एक काम सुचवतो, त्याला नवा कायदा लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणेच योग्य. या चौदा दिवसांसाठी रबातच्या सहा प्रश्नांचा एक पानी मराठी नमुना प्रत्येक ठाण्यात हवा. संदर्भ : त्या गावात गेल्या काही महिन्यांत दंगल, मिरवणुकीचा वाद, निवडणूक होती का, तिथे अल्पसंख्य कोण. बोलणारा : पद, अनुयायी, जमावावर ताबा. हेतू : भावना दुखावतील हे ठाऊक असणे पुरेसे नाही; द्वेषबुद्धी कशावरून? मजकूर : तीस सेकंदांची कापलेली चित्रफीत नको, पूर्ण भाषण; बोललेल्या भाषेतले शब्दशः टिपण, आणि उर्दू, कोकणी, अहिराणी असेल तर भाषांतर कुणी केले त्याची नोंद. प्रसार : बंद गट की जाहीर पान, चोवीस तासांत पुसले जाणारे स्टेटस की छापील पत्रक, पसरवले मूळ माणसाने की तक्रारदाराने? (हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहिले आहे. पुष्कळदा वाचकसंख्या वाढते ती 'निषेध' म्हणून केलेल्या पुढेपाठवणीने.) शक्यता : कुणाविरुद्ध, काय, कधी करायला सांगितले, आणि ऐकणाऱ्यांना ते करणे शक्य होते का. सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. नुसत्या स्क्रीनशॉटवर उभा केलेला गुन्हा पुढे कोसळतो आणि तोवर माणसाची दोन-तीन वर्षे गेलेली असतात. सहाव्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर अटक नाही. तसेही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का, हे लेखी सांगावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस पुरते.

परराष्ट्र मंत्रालयाकडे तीन गोष्टी मागतो. मसुदा हाती आला की आधी पाहावे, संरक्षण व्यक्तीला दिले आहे की श्रद्धेला. आणि शिक्षेचा परिच्छेद चिथावणीपाशी थांबतो की पुढे सरकतो. श्रद्धेला दिले असेल तर त्या परिच्छेदावर वेगळे मतदान मागावे. ते मिळाले नाही तर तटस्थ राहून कारण नोंदवावे, मग ठरावात आपला धर्म असो वा नसो. दुसरे, प्रत्येक मताचे लेखी स्पष्टीकरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, संसदेच्या पटलावर आणि राज्यांच्या भाषांत उपलब्ध व्हावे. तिसरे, १६/१८ च्या अंमलबजावणीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांचे कार्यालय देशांकडून माहिती मागवते, तेव्हा गुळमुळीत परिच्छेदांऐवजी आकडे द्यावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २९५ ते २९७ ही कलमे एकाच रकान्यात येत आली. देवळातली मूर्ती फोडणारा आणि कविता लिहिणारा एकाच बेरजेत. कलम २९९ आणि १९६ खाली गुन्हे किती, अटका किती, मंजुरी किती प्रकरणांत मागितली, किती दिली, किती नाकारली, किती दिवसांनी, आणि शिक्षा किती, असे सात रकाने वेगळे हवेत. मंजुरीच्या धारिका राज्यांच्या गृह विभागांतच आहेत. महाराष्ट्राने आपल्या आधी मोजून दाखवाव्यात.

आपले,
आंतरराष्ट्रीय मानवाधिकार कायदा आणि फौजदारी कायदा यांचे काही अभ्यासक